पाय दिला, पण बसतो का?



बैलाचा खांदा लागला तर दुसऱ्या दिवशी आपण त्याला जुंपत नाही. जू तासून घेतो, मगच औताला लावतो. पाय गमावलेल्या माणसाच्या वाट्याला एवढाही विचार येत नाही, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

मळणी यंत्रात, ट्रॅक्टरखाली पाय जातो. मधुमेहाच्या जखमेनेही जातो. शेतकऱ्याला अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेत एका अवयवासाठी १ लाख रुपये आहेत. शिबिरात कृत्रिम पायही मिळतो. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरला घडवलेल्या रबरी पायावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखलात उतरता येते. त्यांचे उपकार आम्ही मानतो.

अडते ते वर. उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट शिबिराच्या दिवशीच्या मापाचे असते. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तो पाय बारीक होत जातो. पुढेही दिवसभरात कमीजास्त होतो. सॉकेट सैल झाले की कातडी सोलते, जखम होते. मग कृत्रिम पाय खुंटीवर आणि माणूस कुबडीवर! केंद्राच्या एडिप योजनेचा नियम मात्र असा, की एकदा साधन घेतले की मोठ्या माणसाला तेच साधन तीन वर्षे पुन्हा नाही. पाय वर्षात बदलतो, हे नियम करणाऱ्याला कोणी सांगायचे?

पट्टा ओढून किंवा चकती फिरवून घट्ट-सैल करता येणारी सॉकेट आता निघाली आहेत. सकाळी बसवा, दुपारी सैल वाटले तर आवळा. ही जादू नव्हे. जास्त आवळले तर इजा होते, म्हणून पहिली बसवणी जाणकारानेच करावी. पण रोजच्या दुरुस्तीसाठी मजुरी बुडवून पुणे-मुंबई गाठावी लागणार नाही.

आम्ही दया मागत नाही. आमच्या मागण्या तीन. अशी सॉकेट योजनेच्या यादीत घ्या. पहिल्या दोन वर्षांत सॉकेट बदलण्याला तीन वर्षांची अट लावू नका. महिन्यातून एक दिवस जाणकार कारागीर मानवतच्या ग्रामीण रुग्णालयात बसवा.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. येताना आपल्या गावातल्या अशा भावाला, बहिणीला सोबत आणा. आणि खुंटीवर टांगलेला तो पायही आणा. साहेबांच्या टेबलावर तोच ठेवायचा आहे.