अन्नवस्त्र नव्हे, वाटा!



२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथात आपल्याविरुद्ध काय लिहिले होते, हे आज आपल्या घरचे लहान मूलही सांगेल. परंतु त्याच ग्रंथाने आणखी एका मनुष्यवर्गाला माणुसकीतून उठविले आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जन्मांध, बहिरा, मुका, वेडा आणि जडबुद्धी यांना वडिलार्जित मिळकतीत वाटा नाही. त्यांना पोटापुरते अन्नवस्त्र दिले म्हणजे झाले, असा मनूचा नवव्या अध्यायातील निवाडा आहे. अकराव्या अध्यायात त्याने कारणही दिले आहे : ही व्यंगे म्हणजे पूर्वकृत पापांचे फळ!

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा नाही काय? पूर्वजन्मीच्या पापामुळे तुम्ही अस्पृश्य जन्मलात, असे आपल्या वाडवडिलांना ज्यांनी ऐकविले, त्यांनीच आंधळ्या-पांगळ्यांनाही तेच ऐकविले. मागच्या जन्मीच्या कर्माची ही शिकवण समाजाला आणि राज्यसंस्थेला दीनदुबळ्यांच्या जबाबदारीतून सोडविते, हे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे. मग आपल्या एखाद्या घरी अपंग मूल जन्मले असता, “कोणाचे पाप भोवले?” असा प्रश्न बौद्धवाडीत कुजबुजला जातो, तेव्हा महाडला जळालेले पान आपणच पुन्हा उचलून वाचतो, असे म्हणावे लागेल.

तथागतांचे वर्तन आठवा. एक भिक्खू दुखण्याने मलमूत्रात पडला होता. आपला इतर भिक्खूंना काही उपयोग नाही, म्हणून कोणी आपल्याकडे पाहत नाही, असे त्याने सांगितले. भगवंतांनी त्याचे पूर्वजन्मीचे पाप विचारले नाही. आनंदाला सोबत घेऊन त्यांनी त्याला स्वहस्ते स्नान घातले आणि रुग्णाची सेवा ती माझीच सेवा, असे संघाला बजाविले. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरत नाही, हा त्या प्रसंगाचा बोध आहे.

आता आपल्या मालवण किनाऱ्याकडे वळू. घरचे कर्ते पुरुष मुंबईला चाकरमानी आणि अंध बहीण अथवा पांगळा भाऊ गावच्या घरी, हे चित्र सिंधुदुर्गात नवे नाही. जमिनीची वाटणी निघते, तेव्हा “तिला काय करायची आहे जमीन? आम्ही पोसतोच आहोत” असे म्हणून हक्कसोड पत्रावर तिचा अंगठा घेतला जातो. हीच मनूची वाटणी! हिंदू वारसा कायदा १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे. कोणताही रोग, दोष वा व्यंग यामुळे वारसाहक्क जात नाही, असे त्याचे कलम २८ सांगते. हा कायदा १९५६ सालचा आणि आपली धम्मदीक्षाही त्याच वर्षीची. तेव्हा आपल्या सातबाऱ्यावर त्या बहिणीचे नाव आहे काय, हे आजच पाहा.

घराप्रमाणेच शासनालाही विचारले पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांसाठी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. गोड नावांचा अनुभव आपल्याला आहे. ‘हरिजन’ या नावाविरुद्ध बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात सभात्याग केला होता. नाव दिव्य आणि निवृत्तिवेतन किती? केंद्र शासनाचा हिस्सा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयेच राहिला आणि तोही दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्के अपंगत्व असलेल्यासच! २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा मात्र ४० टक्क्यांना अपंगत्व मानतो. महागाई वाढत असता रक्कम जागीच ठेवणे, हीसुद्धा कपातच होय. तिजोरीत पैसा नाही, ही सबब सर्वांत आधी ज्यांना ऐकावी लागते, ते नेहमी दुबळेच कसे असतात?

मागितल्यावाचून मिळत नाही, हाही अनुभव आपलाच आहे. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथे अपंगांच्या मागण्यांसाठीही अन्नत्याग झाला आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने निराधार अपंगांचे अनुदान १५०० वरून २५०० रुपये केले. धर्मांतर केले म्हणून आपल्या सवलती केंद्राने नाकारल्या, तेव्हा १९९० पर्यंत आपणही झगडलो आणि त्या मिळविल्या. त्या झगड्याचा वारसा अपंग बांधवाच्या पाठीशी उभा राहिला नाही, तर तो वारसा कसला?

म्हणून वाचकहो, चार गोष्टी करा. घरातील अपंग माणसाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेऊन त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या. त्यावाचून पुढचे दार उघडत नाही. सहा ते अठरा वर्षांच्या अपंग मुलाला शिक्षण मोफत आहे, त्याला घरात कोंडू नका. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा त्याच्यासाठी राखीव आहेत, हे त्याला सांगा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नापैकी ५ टक्के अपंगांसाठी खर्चावयाचे आहेत. ते किती जमले आणि कोठे गेले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. पर्यटनामुळे किनाऱ्यावरील ज्या पंचायतींचे उत्पन्न वाढले, त्यांचा हा हिस्साही वाढलाच पाहिजे.

आणि आपले विहार? जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून एखादी वृद्धा वा पांगळा तरुण वंदनेच्या वेळी अंगणातच थांबत असेल, तर देवळाबाहेर थांबलेल्या आपल्या आजोबांचे स्मरण करा आणि पायऱ्यांच्या बाजूस एक उतार बांधा. त्यासाठी कोणत्याही शासकीय मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

अन्नवस्त्र देऊन उपकार केल्याचे समाधान मनूच्या अनुयायांना लखलाभ असो. आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. आपण वाटा देऊ आणि वाटा मागू.

जय भीम!