थोरल्याचा अपराध कोणता?

गृहस्थाश्रमांतील कांहीं विषय असे आहेत कीं, त्यांजविषयीं चार माणसांत बोलणें अशिष्ट समजतात. आणि बोलणें अशिष्ट, तर विचार करणेंही अनावश्यक, असा सोयीचा समज मग आपोआप रूढ होतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला शी-शूची सवय लावणें हा त्यांपैकींच एक विषय. वाङ्मयीन मासिकाच्या पानांत तो शोभत नाहीं असें ज्यांना वाटेल, त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, ह्या एका गोष्टीवरून आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कित्येक घरांत एक अजाण मूल व एक ओली बाळंतीण ह्या दोघांना रोज अपराधी ठरविण्यांत येत आहे. जेथें निरपराध्यास शिक्षा होते, तेथें विषय क्षुद्र राहत नाहीं.

प्रकरण असें असतें. घरांत दुसरें अपत्य जन्मास येतें. थोरलें दोन-सवादोन वर्षांचें. कालपरवांपर्यंत तें "आई, शू" म्हणून सांगूं लागलेलें असतें, निदान सांगण्याच्या बेतांत असतें. पाळणा हलला, कीं तें पुन्हां चड्डी ओली करूं लागतें. लागलीच तीन फिर्यादी उभे राहतात. आजी म्हणते, "आमचीं मुलं वर्षाचीं व्हायच्या आंत सांगायचीं." शेजारीण म्हणते, "बाळ यायच्या आधींच उरकायला हवं होतं." आणि शिशुवर्गाची संचालिका म्हणते, "डायपर सुटल्याशिवाय प्रवेश नाहीं." तिघांचाही निकाल साक्षीपुरावा न पाहतां दिलेला असतो. तो पुरावा येथें पाहण्याचा आमचा विचार आहे.

आजीचें म्हणणें खोटें नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. तान्ह्या मुलास आपल्या दोन पायांवर बसवून "शूऽ शूऽ" करीत वाट पाहण्याची रीत महाराष्ट्रांत घरोघर होती व पुष्कळ ठिकाणीं अजून आहे. ती गुणकारीही आहे. पूर्व आफ्रिकेंतील दिगो लोकांत आया अशाच रीतीनें मुलांना पांच-सहा महिन्यांच्या वयांतच कोरडें राहावयास शिकवीत, असें डीव्रीझ दांपत्यानें १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नोंदलें आहे. परंतु ह्या रीतीचें मर्म काय? मुलाच्या कपाळावरची आठी, पायांची चुळबूळ, दूध प्यायल्यानंतरची वेळ, हें सारें कोणी तरी डोळ्यांत तेल घालून पाहत असतें. पहिली सवय मुलाला लागत नाहीं. ती पाहणाऱ्याला लागते. असा पाहणारा नेमावयास घरांत रिकामे हात लागतात. आजीच्या काळीं ते होते. सासू होती, जाऊ होती, नणंद होती, शेजारची काकू होती. आणि जेथें सांडलेलें क्षणांत सुकून जाई असें मातीचें अंगण होतें. त्या घरांत सारें सुखच होतें असें नव्हे. तेथेंही राबत होत्या त्या बायकाच. पण निदान त्या एकट्या नव्हत्या. आज दोन खोल्यांत हातांची एकच जोडी आहे, आणि त्या हातांत तान्हें आहे. जुन्या रीतीचें फळ तर मागावें, आणि त्या फळाला लागणारें मनुष्यबळ मात्र देऊं नये, हा कोठला न्याय?

आतां शेजारणीचें म्हणणें. "आधींच उरकायला हवं होतं" ह्या उपदेशांत मूल म्हणजे पावसाळ्यापूर्वी शाकारून घ्यावयाचें छप्पर आहे, असें गृहीत धरलेलें असतें. परंतु छपरास ईर्ष्या नसते, मुलास असते. थोरल्याच्या बाजूनें पाहा. घरांत एक नवें माणूस आलें आहे. तें अंथरूण ओलें करतें, तेव्हां सारें घर धांवतें. त्याला उचलतात, पुसतात, छातीशीं धरतात. आपण कोरडे राहिलों, तर आपल्याला काय मिळतें? "तूं आतां मोठा झालास," एवढें कोरडें वाक्य! अशा घरांत दोन वर्षांची बुद्धि जो सिद्धांत काढील तो तर्कशास्त्राच्या पंडितासही खोडतां यावयाचा नाहीं: येथें मांडी ओल्यालाच मिळते. ह्याला हट्ट म्हणणें म्हणजे मुलाच्या बुद्धीचा अपमान आहे.

आणि हट्ट समजून धाक दाखविला, तर काय होतें? भ्यालेलें मूल शौच रोखून धरतें. रोखलेला मळ आंत कठीण होतो. कठीण मळ बाहेर पडतांना दुखतो. दुखतें म्हणून मूल अधिकच रोखतें. हें चक्र एकदां सुरू झालें, म्हणजे आठ दिवसांच्या शिस्तीपायीं कित्येक महिन्यांचें औषध मागें लागतें.

बाळंतिणीचा हिशेबही मांडून पाहा. नवजात अर्भक चोवीस तासांत आठ ते बारा वेळां अंगावर पितें. दर वेळीं वीस-पंचवीस मिनिटें धरलीं, तर तीन ते पांच तास ती एका जागीं खिळलेली. थोरल्याची सूचना मिळते ती मिनिटभर आधीं, आणि कधीं तेवढीही नाहीं. प्रसूति शस्त्रक्रियेनें झाली असेल, तर पहिले कांहीं आठवडे बाळापेक्षां जड असें कांहीं उचलूं नये, असें डॉक्टरच बजावतात. थोरलें तर दहा-बारा किलोंचें! ज्या वस्तींत सार्वजनिक शौचालय दोन गल्ल्यांपलीकडे आहे, तेथें तर मिनिटभराच्या सूचनेला अर्थच उरत नाहीं. त्यांत आषाढ-श्रावणाचे दिवस असले, म्हणजे गॅलरींतल्या दोरीवरचीं दुपटीं दोन-दोन दिवस सुकत नाहींत, आणि एकाला कोरडें करावें तों दुसरें ओलें!

ह्या अडचणींतून एक चौथा गृहस्थ हंसतमुखानें पुढें येतो; तो डायपरवाला. "घाई कशाला? मूल आपोआप शिकेल," हें त्याचें ब्रीद. ह्यांतला पहिला भाग खरा आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ ब्रेझेल्टन ह्यांनीं १९६२ सालीं आपल्याकडील १,१७० मुलांच्या नोंदींवरून हेंच मांडलें कीं, मुलाची तयारी दिसल्यावर, त्याच्या कलानें ही शिकवण द्यावी. उपदेश उत्तम. परंतु हेच ब्रेझेल्टन पुढें डायपरच्या जाहिरातींत दिसले, हेंही विसरतां कामा नये. "थांबा" म्हणणारा वैद्य आणि "थांबा" म्हणणारा व्यापारी ह्यांचा शब्द एक असला, तरी हेतु एक नसतो. शिवाय आपल्या दारांतून गेलेली ती पुरचुंडी नाहींशी होत नाहीं. १९२७ पासून कचरा पोटांत घेणारें देवनार, २०१८ सालीं कचरा टाकणें बंद झालें तें मुलुंड आणि कांजूरमार्ग, हीं उपनगरांचींच नांवें आहेत. तेथली दुर्गंधि कोणाच्या घरांत शिरते, हें उपनगरवासीयांस सांगणें नको. तथापि बाळंतिणीनें चार महिने डायपर वापरले म्हणून तिला दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. ज्यांनीं तिला दुसरा हात दिला नाहीं, त्यांना तो दोष लागतो.

परंतु सर्वांत कठोर फिर्यादी शाळा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाला पाया म्हणून मान्यता दिली; आणि उपनगरांतील कित्येक शिशुवर्ग त्या पायाच्या पहिल्याच पायरीवर मुलाची चड्डी तपासतात! ह्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर, बोरिवलीच्या पुष्कळ उत्तरेस, बोर्डी गांव आहे. तेथें ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्यांच्या बालवाडींत मुलें अस्वच्छ येत. म्हणून त्यांना कोणी दारांतून परत धाडलें नाहीं. अंघोळ, नखें, केस, नाक पुसणें हाच तेथला पहिला धडा होता. स्वच्छता हें शिक्षणाचें फळ आहे कीं शिक्षणाची प्रवेश-फी? बोर्डीनें ह्याचें उत्तर कधींच देऊन ठेवलें आहे. गरीब गांवांतल्या बालवाडीला जें साधलें, तें भरमसाट फी घेणाऱ्या वातानुकूलित वर्गाला साधत नाहीं, ह्यांत लाज कोणाला वाटावयास हवी? ओल्या चड्डीच्या मुलाला खास नव्हे.

मग ह्यावर उपाय काय? येथवर ज्याचें नांव कोणत्याही फिर्यादींत आलें नाहीं, त्या इसमाकडे आतां वळलें पाहिजे. तो म्हणजे मुलाचा बाप. आजी सुनेला बोलते, शेजारीण तिलाच बोलते, शाळाही तिलाच बोलावून घेते. बापाला कोणी विचारीत नाहीं. वास्तविक तान्ह्याला पाजणें हें एकच काम असें आहे कीं, जें त्याला करतां येत नाहीं. थोरल्याचा हात धरून मोरीपर्यंत जाणें, भांड्यावर बसवून पांच मिनिटें गोष्ट सांगणें, फसलें तर न रागावतां फरशी पुसणें, ह्यासाठीं निसर्गानें त्याला कोणतीही आडकाठी केलेली नाहीं. बोरिवलीहून चर्चगेट सुमारें ३४ किलोमीटर आहे, आणि लोकलच्या गर्दींत माणूस पिळून निघतो, हें खरें. पण म्हणून लोकल पकडण्यापूर्वीची एक वेळ आणि रात्रीची एक वेळ देतां येऊं नये, हें पटत नाहीं. कायद्याचा दोषही आहेच. २०१७ च्या दुरुस्तीनें आईची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या नोकरींतील बापाला मात्र १५ दिवस, आणि खासगी नोकरींतील बापासाठीं देशभर लागू असा कायदाच नाहीं. कायदाच जेथें मुलाला एकच पालक आहे असें मानतो, तेथें घरानें निराळें मानावें कसें?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. बाळंतिणीचा सव्वा महिना आपण पाळतों; तो थोरल्यालाही द्यावा, आणि तेवढ्या दिवसांत शी-शूचा विषय उणेपणाच्या सुरांत घरांत काढूंच नये. पुढें ती शिकवण सुरू करावी ती बापानें. ज्या घरांत आजी-आजोबा आहेत, त्यांनीं "आमच्या वेळीं" हे शब्द उच्चारावयाचे, तर त्याबरोबर आपली मांडीही द्यावी. आणि शाळांनीं ती अट काढून टाकून त्या जागीं एक दाई व चार जादा चड्ड्या ठेवाव्या. ह्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. अशक्य आहे तें एवढेंच कीं, एका बाईनें एकाच क्षणीं दोन ठिकाणीं असावें. आणि नेमकी तीच अपेक्षा आज तिच्याकडून केली जात आहे.