रेड केली म्हणजे टेन्शन नाही?

रेड म्हटलं की आम्हा होस्टेलवाल्यांना आधी आठवते ती रेक्टर मॅडमची. रात्री साडेदहाला जिन्यावर चपलांचा आवाज आला, की केटल पलंगाखाली आणि मॅगीची पाकिटं उशीच्या अभ्र्यात! पण यंदा आमच्या विंगमध्ये वेगळ्याच रेडची चर्चा चालू आहे. कॉमन रूममधल्या डेस्कटॉपला दोन नव्या हार्ड डिस्क बसवायच्या, त्यांची रेड करायची, आणि सगळ्यांचे प्रोजेक्ट, रिपोर्ट, गॅदरिंगचे फोटो त्यावर टाकायचे. "एकदा रेड केली की टेन्शन नाही," असं जी ती म्हणतेय. वर्गणीचा आकडाही जवळजवळ ठरलाय. माझा रेडला विरोध नाही बरं का. माझा विरोध आहे तो त्या "टेन्शन नाही"ला.

ही भानगड जन्माला कशी आली ते थोडं सांगते. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक पेपर लिहिला. (हो, हे तेच पॅटरसन, ज्यांचं कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनचं जाडजूड पुस्तक आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो.) तेव्हा मोठ्या मशीनच्या डिस्क अवाच्या सवा महाग होत्या. त्याऐवजी पीसीच्या छोट्या, स्वस्त डिस्क एकत्र जुंपल्या तर? वेग मिळेल, पैसे वाचतील. फक्त एक अडचण होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बसण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी जादा माहिती साठवायची, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम थांबणार नाही. नाव पडलं 'रिडंडंट अरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स'. पुढे त्यातला 'इनएक्स्पेन्सिव्ह' गेला आणि 'इंडिपेंडंट' आला. बरोबरच आहे, विकणाऱ्याने आपल्याच मालाला स्वस्त कसं म्हणायचं!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजी शब्द आला की त्याला मराठीत काय म्हणतात ते शोधायची खोड आहे. 'रिडंडंट'ला डिक्शनरीत मिळालं 'अनावश्यक'. आता बोला! ज्याच्या जिवावर सगळा डोलारा उभा, तेच अनावश्यक. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, त्याला 'हाताशी असलेलं जास्तीचं' म्हणतात." मला आजीचा अर्थ जास्त पटला.

असो. आपल्या मशीनपुरते तीनच प्रकार कामाचे.

पहिला रेड शून्य. यात फाइलचे तुकडे करून एक तुकडा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर, असं वाटत जातात. वेग वाढतो, दोन्ही डिस्कची जागा पूर्ण मिळते. पण जास्तीचं काहीच नाही. एक डिस्क गेली की दुसरीवर उरतात ते अर्धवट तुकडे, ज्यांचा काही उपयोग नाही. दोन दगडांवर पाय ठेवणं ते हेच. समजा एका डिस्कची वर्षात बंद पडण्याची शक्यता शंभरात ३ आहे, तर अशा दोन डिस्कच्या रेड शून्यची जवळपास शंभरात ६ होते. याला रेडच्या घराण्यात कुणी घेतलं कोण जाणे. बॉइज होस्टेलमध्ये काही गेमिंगवाल्यांनी दोन एसएसडींची अशी जोडी लावली आहे. त्यांना माझा प्रेमाचा सल्ला, की एकच बरी एनव्हीएमई एसएसडी घ्या. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई काही हजार. गेम लोड व्हायला त्यापुढे जो वेळ लागतो तो बहुतेक वेळा डिस्कमुळे नसतोच.

दुसरा रेड एक, म्हणजे आरसा. जे इकडे लिहिलं तेच तिकडे. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर हातात ४ टीबीच येतात. आमच्या विंगमध्ये हाच ठरतोय.

तिसरा रेड पाच, कमीत कमी तीन डिस्क. यातली युक्ती डिजिटलच्या पहिल्याच युनिटमधली आहे, एक्सऑर. एका डिस्कवर १०११, दुसरीवर ०११०, तर तिसरीवर दोघांचा एक्सऑर ११०१. आता पहिली डिस्क गेली? ०११० आणि ११०१ यांचा पुन्हा एक्सऑर करा, १०११ परत हजर! (प्रत्यक्षात ही पॅरिटी सगळ्या डिस्कवर फिरती ठेवतात, पण हिशोब हाच.) ज्या एक्सऑर गेटला आपण "व्हायवात विचारतात म्हणून" पाठ करतो, तो असा कुणाची तरी चार वर्षं वाचवत असतो. हे मला जेव्हा कळलं तेव्हा खरंच भारी वाटलं होतं.

मग विरोध कशाला? तर डिस्क बंद पडणं हे डेटा जाण्याचं एक कारण झालं. बाकीच्या कारणांपुढे रेड हात टेकते.

गेल्या वर्षीच्या फायनल इयरच्या चौघांचा प्रोजेक्ट होता डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा. फळाचा फोटो काढायचा आणि प्रोग्रॅमने सांगायचं की डाग तेल्याचे आहेत की साधे. त्यासाठी ते चौघं मृग बहारात सांगोल्याकडच्या बागांतून शनिवार-रविवार फिरले, एसटीने, पावसात, आणि हजारो फोटो जमवले. प्रत्येक फोटोला हाताने लेबल लावलं. सगळं होतं ते एका लॅबमधल्या मशीनवर, आणि त्या मशीनवर रेड एक होती. सर्वांना सांगितलेलंही होतं, "डेटा सेफ आहे, मिररिंग आहे." जानेवारीत कुणीतरी जागा करायला म्हणून जुने फोल्डर उडवले, त्यात हेही गेलं. आरशाने आपलं काम चोख केलं, दुसऱ्या डिस्कवरूनही ते त्याच क्षणी उडवलं! दोन्ही डिस्क ठणठणीत, आणि दोन्ही रिकाम्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोड पुन्हा लिहिता येतो. फळं तोडून झालेल्या बागेत तेल्याचे डाग कुठून आणायचे? चौघांनी शेवटी इंटरनेटवरून मिळालेल्या फोटोंवर भागवलं. व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं, "ह्यात तुमचं स्वतःचं फील्डवर्क कोणतं?" उत्तर होतं, दाखवायला काही नव्हतं. मला अजून त्या प्रश्नाचा राग येतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याचा तर काहीच दोष नाही.

फोल्डर कुणी उडवले याची चौकशी झाली. पण दुसरीकडे एखादी कॉपी ठेवणं कुणाचं काम होतं, हे कुणीच विचारलं नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. कोड ठेवायला जगभर वापरतात त्या गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरने रिकामी करायची म्हणून एक डिरेक्टरी उडवली, ती नेमकी मुख्य डेटाबेसची निघाली. सुमारे ३०० जीबी. थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरले होते. त्यांच्याकडे बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच पद्धती होत्या, वेळेला एकही धड चालली नाही. रोजचा बॅकअप फेल होतोय अशा ईमेल जात होत्या, पण त्या पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी सहज म्हणून काढून ठेवलेल्या एका कॉपीने लाज राखली. तेवढ्या सहा तासांचा डेटा मात्र गेलाच. त्यांनी हे सगळं लपवून न ठेवता जाहीर लिहिलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

त्यात व्हायरस आहे. फाइल्स लॉक करून पैसे मागणारा रॅन्समवेअर आला, तर तो आरशातलीही फाइल लॉक करतो. चोरी आहे. आपल्याकडे वायरी कुरतडणारे उंदीर आहेत. लाइट जाणं तर घरचंच, आणि रेड पाचमध्ये ऐन लिहिताना लाइट गेली तर डेटा आणि पॅरिटीचा मेळ बिघडू शकतो. आणखी एक. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बॅचच्या दोन डिस्क आणल्या तर त्या म्हाताऱ्याही बरोबरीने होतात. एक गेल्यावर नवी बसवून ४ टीबीची पूर्ण कॉपी व्हायला, सेकंदाला १५० एमबी धरले तरी, साडेसात तास लागतात. तेवढा वेळ सगळी मदार त्या उरलेल्या म्हातारीवर.

रेडची खरी जागा आहे ती काम थांबू नये तिथे. सबमिशनच्या आठवड्यात डिपार्टमेंटचा सर्व्हर एका डिस्कपायी दिवसभर बंद पडला तर दोनशे जणांची बोंब होईल. तिथे रेड हवीच. आपल्या कॉमन रूमचा पीसी अर्धा दिवस बंद राहिला तर काय बिघडतं? फार तर सीरियल बघायच्या राहतील.

आता एवढं सांगूनही कुणाला करायचीच असेल, तर निदान नीट करा. आधीचा डेटा दुसरीकडे काढून घ्या, कारण ॲरे बनवताना डिस्क सहसा कोऱ्या होतात. मदरबोर्डच्या बायोसमध्ये जी फुकटची रेड मिळते तिच्या नादी लागू नका. ती बरंचसं काम प्रोसेसरकडूनच करून घेते, आणि उद्या बोर्ड उडाला तर तसाच बोर्ड शोधत लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागेल. लिनक्सवर एमडीएडीएम आहे, त्याची माहिती डिस्कवरच असते, त्यामुळे त्याच डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावल्या तरी ॲरे उभा राहतो. विंडोजवाल्यांना स्टोरेज स्पेसेस आहे. प्रत्येक डिस्कवर तिचा सीरियल नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवा, नाहीतर बिघडलेली राहील आत आणि चांगली ओढून काढाल. आणि डिस्क गेल्याची सूचना कुणाच्या तरी मोबाइलवर येईल अशी सोय करा. रेडमध्ये एक डिस्क मेली तरी मशीन हूं की चूं करत नाही. सहा महिन्यांनी दुसरी जाते तेव्हा कळतं, मग बैल गेला नि झोपा केला.

माझं म्हणणं असं आहे, की त्याच वर्गणीत त्याच दोन डिस्क घ्या, पण त्यांची रेड करू नका. एक मशीनमध्ये राहू दे. दुसरी बाहेरच्या केसमध्ये घालून दर रविवारी तासभर जोडायची, कॉपी करायची, काढून ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं. जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिलाही सोडणार नाही. कॉपी नुसती नवी जुनीवर चढवायची नाही, मागच्या चार आठवड्यांच्या वेगवेगळ्या ठेवायच्या, म्हणजे आज उडवलेलं तीन आठवड्यांनी लक्षात आलं तरी सापडेल. फायनल इयरवाल्यांनी आपला फोल्डर एका पेनड्राइव्हवर घालून दिवाळीला घरी न्यावा आणि आईच्या साड्यांच्या कपाटात ठेवावा. त्याहून सेफ जागा मला माहीत नाही. कोणत्या रविवारी कुणाची पाळी, हे मेसच्या ड्यूटीसारखं नोटीस बोर्डवर लावायचं. आणि महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल परत काढून उघडून बघायची.

डिपार्टमेंटच्या सरांना-मॅडमना एक विनंती. लॅबच्या मशीनवर "डेटा सेफ आहे" असं सांगताना कॉपी कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली, ही तारीखही सांगावी. प्रोजेक्टचा डेटा मार्चपर्यंत तरी दुसऱ्या जागी ठेवणं हे कुणा एकाचं नेमून दिलेलं काम असावं. आम्ही मुलं हमाली करायला तयार आहोत.

वर्गणीची मीटिंग येत्या रविवारी जेवणानंतर कॉमन रूममध्ये आहे. ज्यांना माझं पटलेलं नाही त्यांनी जरूर या. दोन जुन्या डिस्क मिळाल्या आहेत, रेड एक लावून ठेवते. आधी एकीची केबल ओढून दाखवते, सिनेमा चालूच राहील. मग तुमच्यापैकी कुणीतरी तोच सिनेमा डिलीट करायचा.