दिव्याचा कोन अंदाजपत्रकात लिहा

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांना आकाशगंगेच्या छायाचित्रांचं अप्रूप होतं. आपल्या धंद्याच्या कामाची गोष्ट बातमीच्या तळाशी होती: वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे काढून तिथे फक्त खाली उजेड टाकणारे दिवे बसवले गेले. दिवे बंद करायची वेळ आली नाही. खेड्यातलं प्रकाश प्रदूषण हे बहुतांशी फिटिंग, आर्म आणि लेन्स यांचं अपत्य आहे, आणि या तिन्ही गोष्टी अंदाजपत्रक लिहिताना ठरतात. म्हणून ते थांबवण्याची जबाबदारी पर्यावरणप्रेमींच्या आधी विद्युत अभियंते आणि ठेकेदारांकडे येते.

खेड्यातला पथदिवा सहसा स्वतःच्या खांबावर नसतो. तो महावितरणच्या लघुदाब वाहिनीच्या खांबावर असतो, आणि दोन खांबांमधलं अंतर तारांच्या हिशोबाने ठरलेलं असतं. उजेडाचा विचार त्यात नसतो. मधला पट्टा अंधारा राहिला की तक्रार येते, आणि सोपा उपाय म्हणून आर्म पंधरा-वीस अंश वर उचलला जातो. सपाट काचेची एलईडी फिटिंग आडवी असेल तर क्षितिजाच्या वर जवळपास काहीच उजेड जात नाही. तीच कलली की उजेडाचा एक पट्टा क्षितिजाच्या जरा वरून सुटतो. हाच पट्टा सर्वांत उपद्रवी. सरळ माथ्याकडे गेलेला किरण दाट हवेतून लवकर बाहेर पडतो. क्षितिजालगतचा किरण लांबवर हवेतूनच प्रवास करतो, धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो आणि पलीकडच्या तालुक्याचं आकाशही पांढुरकं करतो. एवढं करून मधल्या पट्ट्याला फारसं काही मिळत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत तिरीप मात्र हमखास जाते. अशा ठिकाणी आर्म आडवा ठेवून रस्त्याच्या लांबीला उजेड पसरवणारी लेन्स मागवावी, आणि तेवढ्यानेही भागत नसेल तर वळणावर, बसथांब्यावर, पाणवठ्याशी एखादा जास्तीचा खांब धरावा. खर्च वाढेल, हे मान्य. पण तो गरजेच्या जागी होईल.

आमदार निधीतून चौकाचौकांत उभ्या राहिलेल्या हायमास्टबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. शहरातल्या मोठ्या चौकासाठी योग्य असलेली ही वस्तू चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वाडीत केवळ उद्‌घाटनाच्या सोयीसाठी येते. तिचे फ्लडलाईट दूरवर मारा व्हावा म्हणून वर कललेले असतात, आणि रंग बहुधा 6500 केल्विनचा निळसर पांढरा. स्वच्छ हवेत 450 नॅनोमीटरचा निळा उजेड 600 नॅनोमीटरच्या नारिंगी उजेडापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो. भंडारदरा, राजमाची या भागात मे-जूनमध्ये काजवे बघायला झुंडी लोटतात; त्या काजव्यांचं जोडीदार शोधणं लुकलुकीच्या इशाऱ्यावर चालतं आणि अशा उजेडात तो इशाराच हरवतो. 3000 केल्विन किंवा त्याहून उबदार दिव्याची कार्यक्षमता थोडी कमी पडते, हा आक्षेप खरा आहे. पण आकाशात जाणारा उजेड जमिनीवर आणला की कमी वॅटमध्ये काम होतं, आणि ही बचत त्या तुटीपेक्षा सहज मोठी असू शकते. पथदिव्यांच्या थकीत बिलांवरून ग्रामपंचायती आणि महावितरण यांच्यात चाललेली जुनी ओढाताण पाहता सरपंचांना हा हिशोब समजावणं अवघड जाऊ नये.

खरा आक्षेप भीतीचा आहे. रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला सापाची धास्ती असते, आणि जुन्नरसारख्या ऊसपट्ट्यात बिबट्याची. तिथे उजेड कमी करा म्हणणं क्रूरपणाच ठरेल. मात्र साप पायाखाली असतो, आणि बिबट्या चौकात नव्हे तर गोठ्यामागच्या उसात. दोन्हीसाठी खाली वळवलेला, झापड असलेला छोटा दिवा गोठ्याच्या दाराशी हवा. हायमास्टच्या झगझगाटातून बाहेर पडलेल्या डोळ्याला अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे धोका असतो तिथेच माणूस आंधळा. गुन्हेगारीबाबत पुरावा एकतर्फी नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक संस्थांच्या 2015 सालच्या अभ्यासात दिवे कमी किंवा मंद केल्यामुळे गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा सापडला नाही. उलट न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत 2016 मध्ये केलेल्या प्रयोगात जादा दिव्यांमुळे रात्रीचे घराबाहेरचे गुन्हे लक्षणीय घटले. यातला एकही निष्कर्ष महाराष्ट्रातल्या खेड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण खाली वळवलेला दिवा हा या दोन निष्कर्षांमधला वाद नाहीच. तो दोन्हीकडे चालतो.

पथदिवे सुधारून आकाश काळं होईल का, असाही प्रश्न येतो. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात पथदिवे मंद-प्रखर करून उपग्रहातून मोजमाप केलं, तेव्हा मध्यरात्रीनंतरच्या एकूण उजेडात त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी निघाला. बाकीचा जाहिरातफलक, वाहनतळ आणि खाजगी आवारांचा. आपल्याकडे ती जागा ढाबे, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं आणि फार्महाऊसनी घेतली आहे. तिथलं कामही आपलेच वाचक घेतात, म्हणून निविदेतली अट खाजगी कोटेशनमध्येही यावी: फिटिंग बसवल्यावर आडव्या रेषेच्या वर उजेड शून्य, रंग 3000 केल्विनपर्यंत, रात्री अकरानंतर मंद करणारा ड्रायव्हर किंवा टायमर, आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येक आर्मचा कोन मोजल्याची नोंद.