साबणाची साक्ष

चित्रपट पाहतांना नायिकेच्या मुखाकडे न पाहतां तिच्या आरशापुढील बाटल्यांकडे पाहणारा एक प्रेक्षकवर्ग अलीकडे निर्माण झाला आहे. चालतें चित्र मध्येंच थांबवावें. बाटलीचा आकार, टोपणाचा रंग, वेष्टणावरील अर्धवट अक्षर यांवरून हें अत्तर कोणत्या घराण्याचें व हा साबण कोणत्या कारखान्याचा हें ओळखावें, आणि तें मित्रमंडळींत अभिमानानें सांगावें, असा हा छंद आहे. स्वतःला रसिक म्हणविणारे लोक या छंदाला हंसतात. देवळांत जाऊन बाहेरचे जोडे मोजणारे, अशी या मंडळींची संभावना होते. मीहि कांहीं वर्षांपूर्वीं त्या हंसणाऱ्यांतच होतों. हंसणारे चुकले आहेत व मोजणारे बरोबर आहेत, एवढेंच दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

माझें मतपरिवर्तन मंचरास, वर्गांतच झालें. विद्यार्थ्यांना मीं एखाद्या आवडत्या मालिकेचें परीक्षण लिहून आणावयास सांगितलें होतें. घोडनदीकांठच्या एका गांवाहून येणाऱ्या विद्यार्थ्यानें चार पानें लिहिलीं. पण त्यांत कथानक नव्हतें, संवाद नव्हते, अभिनयाचा विचार नव्हता. त्यानें लिहिलें होतें तें असें: मालिकेंतील घर कर्जबाजारी शेतकऱ्याचें आहे, परंतु त्याच्या न्हाणीच्या कोनाड्यांत जो साबण आहे, त्या एका वडीच्या किंमतींत आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या वड्या येतात. शिवाय पंधरा दिवस झाले तरी ती वडी झिजत नाहीं, ओलीहि होत नाहीं. आणि तिच्यावरील नांव मात्र रोज आमच्याकडे तोंड करून उभें असतें. मीं समासांत 'विषयांतर' असा शेरा मारला व गुण कापले. पुढें एका संध्याकाळीं ती मालिका मीं स्वतः पाहिली आणि वरमलों. त्या मुलानें केलें होतें तेंच परीक्षण होतें. मीं मागत होतों तो केवळ कथासार.

आतां या प्रश्नाच्या मुळाशीं जाऊं. चित्रपटाला डोळे आहेत, कान आहेत. नाक मात्र नाहीं. 1960 साली 'सेंट ऑफ मिस्टरी' या अमेरिकन चित्रपटानें प्रेक्षकांच्या आसनांपर्यंत नळ्यांनीं सुगंध पोंचविण्याचा खटाटोप केला, पण तो फसला व ती कल्पना रुजली नाहीं. म्हणून पडद्यावर सुगंधाची जागा नांवाला घ्यावी लागते. समर्थ कलावंताच्या हातीं हें नांव मोठें काम करतें. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या 1991 च्या चित्रपटांत कोठडींतील बंदिवान भेटीस आलेल्या तरुणीचें कातडीला लावावयाचें क्रीम वासावरून ओळखतो. इतकेंच नव्हे, तर 'लेर द्यु ताँ' हें तिचें अत्तर तिनें आज लावलेलें नाहीं, हेंहि सांगतो. त्या एका नांवानें त्याच्या बुद्धीची धार आपल्या अंगावर कांटा आणते. 1992 च्या 'सेंट ऑफ अ वुमन' मधील अंध कर्नल स्त्रियांचे साबण व अत्तरें ओळखतो, तेव्हां त्याचें सारें गमावलेलें जग आपल्यापुढें उभें राहतें. आपल्याकडेहि नरकचतुर्दशीच्या पहांटे उटण्याच्या वाटीशेजारीं मोती साबणाची वडी दिसली, कीं मराठी घरांतील एक संपूर्ण सकाळ जागी होते. तेव्हां खऱ्या वस्तूचें खरें नांव पडद्यावर येऊं नये, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. माझा वाद नांवाशीं नाहीं, चोरवाटेशीं आहे.

साबण आणि नाट्य यांची सोयरीक जुनी आहे. अमेरिकेंत 1930 नंतरच्या दशकांत रेडिओवरील कौटुंबिक मालिकांचा खर्च साबणवाले करीत; म्हणून तर त्या प्रकाराला 'सोप ऑपेरा' हें नांव पडलें. आपल्याकडे 1941 साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातींत झळकल्या. पदवीधर मराठी अभिनेत्रीनें साबणाची शिफारस करावी, ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती; पण ती जाहिरात जाहिरात म्हणूनच छापली गेली. 1984 साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' सुरू झालें, तेव्हां त्याचे प्रायोजक विको आहेत हें घराघरांत ठाऊक होतें. या सर्व व्यवहारांत दाता दारांत उभा राहून रामराम करीत असे. आतां तो घरचा माणूस होऊन चुलीपाशीं येऊन बसला आहे आणि आपण त्याला नातेवाईक समजत आहों.

ही सरमिसळ किती सहज होते, याचें उदाहरण 2010 च्या 'दबंग' चित्रपटांतील गाण्यानें दिलें. त्यांत झंडू बाम हें नांव आलें. मालक कंपनीनें प्रथम कायद्याची नोटीस धाडली. पुढें तडजोड झाली आणि त्या गाण्यावर नाचलेली नटीच त्या बामच्या जाहिरातींत दिसूं लागली. शब्द तोच, गाणें तेंच. पण काल जो शब्द गाण्याचा होता, तो आज दुकानाचा झाला. हा पालट केवळ पडद्याकडे पाहून कोणत्या प्रेक्षकाला कळला असता?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, चित्रनिर्मितीला पैसा लागतो. साबणवाल्यानें तो दिला तर बिघडलें कोठें? बिघडलें कांहींच नाहीं. फक्त तो दिला हें सांगा. आमच्या शेजारीं नारायणगांवास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे लोक येऊन यात्रेसाठीं सुपारी देतात. कोणाची सुपारी, कोणत्या यात्रेची, हें सर्वांना ठाऊक असतें. तमाशाला जो उघडेपणा साधतो, तो आमच्या सुशिक्षित मालिकांना कां साधूं नये?

दुसरा आक्षेप असा कीं, प्रेक्षक आतां शहाणा झाला आहे, त्याला सर्व समजतें. गंमत अशी कीं, हें म्हणणारे आणि बाटल्या ओळखणाऱ्यांना हंसणारे बहुधा एकच असतात. प्रेक्षक शहाणा असेल, तर त्या शहाणपणाला हंसतां कां? आणि ज्यांना हें शहाणपण अद्याप यावयाचें आहे, त्या मुलींचें काय? 'फेअर अँड लव्हली' हें क्रीम 1975 साली बाजारांत आलें. 2020 साली त्याच्या नांवांतील 'फेअर' हा शब्द गेला. तो गेला, कारण त्याच्या उघड जाहिरातींशीं लोकांना उघड भांडतां आलें. परंतु हेंच काम एखादी बाटली लाडक्या नायिकेच्या आरशापुढें मुकाट्यानें उभी राहून करूं लागली, तर तिच्याशीं कोणीं व कसें भांडावें? बोलणाऱ्याला उत्तर देतां येतें. मुक्या बाटलीला देतां येत नाहीं. बटाट्याच्या काढणीवरून आलेली माझी विद्यार्थिनी आरशांत पाहून स्वतःला उणी समजते, तेव्हां तें उणेपण तिच्या मनांत कोणीं ठेवलें याचा तिला पत्ताहि नसतो.

कायदा याबाबत अगदींच मुका नाहीं. जाहिरात ही कार्यक्रमाहून स्पष्टपणें वेगळी ओळखूं यावी, असें 1994 च्या केबल दूरचित्रवाणी नियमांतच म्हटलें आहे. ब्रिटनमध्यें फेब्रुवारी 2011 पासून दूरचित्रवाणीवर पैसे घेऊन वस्तु दाखविण्यास मोकळीक मिळाली. पण तेथील कार्यक्रमांत त्यासाठीं पडद्यावर 'पी' हें अक्षर दाखवावें लागतें. एका अक्षराचा हा प्रामाणिकपणा आपल्याला जड जाण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, मग सर्वच नांवें पुसून टाका. तेंहि नको. जेथें प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी आहे व प्रत्येक बाटली धूसर आहे, तें घर मनुष्यांचें नसून गोदामाचें वाटतें. माझी मागणी लहान आहे: ज्या घरांत जो साबण असेल, तोच तेथें असूं द्या, व तो झिजूं द्या, आणि पैसे घेऊन ठेवला असेल, तर श्रेयनामावलींत तसें लिहा.

तोंपर्यंत हें काम त्या छंदिष्टांनाच करावें लागणार. ते बाटल्या मोजतात, कारण मोजण्याचें काम आम्हीं परीक्षकांनीं टाकून दिलें. त्या विद्यार्थ्याचा निकाल केव्हांच लागून गेला. कापलेले गुण आतां परत देतां येत नाहींत. पण त्यानंतर प्रत्येक नव्या वर्गाला मी पहिला प्रश्न हाच घालतों: आरशापुढें काय ठेवलें होतें, आणि तें तेथें कोणीं ठेवलें?