केळीचा विमा आणि घरधन्याची प्रकृती



असोद्याच्या शिवारात थंडी पडू लागली की केळी बागाइतदाराच्या जिवास घोर लागतो. पारा फार खाली उतरला तर घडाची वाढ खुंटते; उन्हाळ्यात तो फार चढला तर पाने करपतात; आणि पावसाच्या तोंडावर वादळ सुटले तर घडांसह उभी बाग घटकेत आडवी होते. ह्या तिन्ही संकटांवर तोडगा म्हणून आमचे शेतकरी बंधू हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचा हप्ता भरतात. विमा रकमेच्या ५ टक्के हा त्यातील शेतकऱ्याचा मूळ वाटा. बाकीच्या हप्त्यास केंद्र व राज्य सरकारे हातभार लावितात. अर्जाची मुदत केव्हा संपते, सातबारा कोठे दाखवावयाचा, हे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासही मुखोद्गत असते. ही गोष्ट भूषणावह होय. परंतु त्याच म्हाताऱ्यास, "आबा, तुमच्या स्वतःच्या दुखण्याची काय तजवीज केली आहे?" असे विचारले, तर तो आकाशाकडे बोट दाखवितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात ह्याच गावचा एक मुलगा होता. गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या वडिलांस हृदयविकार जडला व शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे ठरले. घरच्यांनी दोन एकर जमीन गहाण टाकली, आईच्या अंगावरील डाग मोडला, आणि तरीही सावकाराची पायरी चढावी लागलीच. वडील वाचले, ही देवाची कृपा. परंतु दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. तो सुरतेस कामाला गेला होता. पुढे मी त्यांच्या घरी गेलो असता त्याच्या मातोश्रींनी कागदपत्रांची पेटी उघडली, तेव्हा तीत केशरी शिधापत्रिका नीट घडी घालून ठेविलेली दिसली. त्या पत्रिकेच्या आधारे, योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात, ती शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ शकली असती. ही गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती; आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी मलाही नव्हती. ज्या शिक्षकाने त्या मुलास चक्रवाढ व्याजाची उदाहरणे शिकविली, त्याने ते व्याज टाळण्याचा मार्ग मात्र शिकविला नाही. ही टोचणी मला आजही आहे, आणि तिच्यापोटीच हा लेख लिहीत आहे.

विमा म्हणजे तरी काय? आपल्या गावातील भिशी सर्वांस ठाऊक आहे. भिशीत प्रत्येकाने घातलेला पैसा पाळीपाळीने त्याचा त्यास परत मिळतो. विम्यात तसे नाही. शंभर घरांपैकी कोणत्या तरी एका घरावर वर्षातून एकदा लाख रुपयांचे आजारपण येणार, हे ठाऊक आहे. ते घर कोणाचे, हे मात्र ठाऊक नाही. अशा वेळी प्रत्येक घराने हजार रुपये काढून ठेविले, तर कोणाचेही घर बुडत नाही. परंतु धडधाकट घरांनी, "आम्हांस काय झाले आहे?" म्हणून अंग काढून घेतले व केवळ आजारी माणसेच उरली, तर हप्ता इतका वाढतो की तोही त्यांस पेलत नाही. यास्तव विम्याचे खरे बळ पैशात नसून सर्वांच्या सहभागात आहे.

ह्याचा दाखला पाहावयाचा असेल, तर अमेरिकेकडे दृष्टी टाकावी. तेथे नोकरीच्या द्वारे मिळणाऱ्या एका कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता २०२४ साली सरासरी २५,५७२ डॉलर होता. मालक व नोकर मिळून तो भरतात. वृद्धांसाठी व गरिबांसाठी तेथील सरकारने १९६५ साली दोन योजना काढल्या, आणि २०१० साली विमा सर्वत्र पोहोचावा म्हणून मोठा कायदा केला. तरीही २०२३ साली शेकडा सुमारे ८ माणसे विम्यावाचून होती. त्यातही संस्थानपरत्वे फरक केवढा! मॅसॅच्युसेट्समध्ये विमा नसलेले लोक शेकडा ३ हूनही कमी, तर टेक्सासमध्ये शेकडा १६ हून अधिक. हा फरक काही हवापाण्याचा नव्हे. मॅसॅच्युसेट्सने २००६ सालीच सर्वांस विम्याखाली आणण्याचा कायदा केला. उलट गरिबांची योजना विस्तारण्यास टेक्सासने आजवर संमती दिलेली नाही. राज्यकर्त्यांच्या एका सहीने किती घरे तरतात व किती बुडतात, हे ह्यावरून ध्यानी येईल.

परंतु ह्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावयास नको. आपल्या खानदेशातच पाहा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत धुळे होते, जळगाव नव्हते. जळगावास ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, म्हणजे सुमारे सोळा महिन्यांनी लाभली. तेवढ्या काळात, एकच बोली बोलणाऱ्या व एकमेकांत सोयरीक करणाऱ्या दोन घरांपैकी, शिवेच्या पश्चिमेकडील घरास आधार होता व पूर्वेकडील घरास नव्हता. नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणावी लागते, हे खरे. पण आजार टप्प्यांची वाट पाहत नाही.

त्या योजनेस २०१७ साली महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली व २०२० साली दोन्ही योजना राज्यात एकत्र राबविल्या जाऊ लागल्या. २०२३ साली सरकारने ठरविले की पिवळी, केशरी वा पांढरी, कोणतीही शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास लाभ द्यावयाचा व वर्षाची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर न्यावयाची. २०२४ सालापासून ते अमलात आले. सत्तर वर्षांवरील वृद्धांस, श्रीमंत असोत वा गरीब, केंद्राच्या योजनेची दारे ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडली.

म्हणजे कागदावर आज महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक घर विम्याखाली आहे. परंतु कागद व पेटी ह्यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच पेटी व रुग्णालय ह्यांत आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राजस्थानातील शेकडा ८८ कुटुंबांनी आपल्या घरात कोणास तरी आरोग्य विमा असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात असे सांगणारी कुटुंबे चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाली. महाराष्ट्र राजस्थानाहून दरिद्री नव्हे. मग उणीव कशाची? माझ्या मते, आहे त्याची माहिती घरोघरी न पोहोचण्याची उणीव ह्यात मोठी आहे.

येथे कोणी म्हणेल की, "गुरुजी, सरकारी योजनेने सर्व दुखणी थोडीच भागतात?" हा आक्षेप रास्त आहे. योजना ठरावीक उपचारांपुरती व रुग्णालयात दाखल होण्यापुरती आहे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या घरच्याच पैशाने घ्याव्या लागतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९ टक्क्यांवर आला. तरी ३९ टक्के हा काही लहान आकडा नव्हे. यास्तव सरकारी दवाखाना औषधांनी व डॉक्टरांनी सज्ज असणे, हे विम्याइतकेच अगत्याचे आहे. जळगावास २०१८ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; धुळ्यास त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अशा संस्था बळकट करा, ही मागणी आपण मतदार म्हणून केली पाहिजे. केवळ विम्याचे कार्ड वाटून सरकार आपल्या कर्तव्यातून मोकळे होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, खाजगी विमा घेतला व आजारी पडलो नाही, तर पैसे फुकट गेले. ज्या वर्षी बाग वाऱ्याने पडली नाही, त्या वर्षी पीक विम्याचा हप्ता फुकट गेला म्हणून आपण रडतो काय? उलट बाग वाचली म्हणून आनंद मानितो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. ज्यांस शक्य आहे त्यांनी असा विमा तरुणपणीच घ्यावा. कारण वय वाढते तसा हप्ता वाढतो, आणि आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते. मात्र जुने दुखणे लपवू नये. आज लपविलेली गोष्ट पैसे मागण्याच्या दिवशी उघडी पडते.

आता विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस ह्या सुटीचा एक गृहपाठ देतो. त्यास गुण नाहीत. घरातील शिधापत्रिका व सर्वांची आधारपत्रे काढा. दोन्हींत नावे सारखी आहेत काय, नव्या सुनेचे व धाकट्या भावंडाचे नाव चढले आहे काय, ते पाहा. आयुष्मान कार्ड काढलेले नसेल तर वडिलांबरोबर जाऊन काढून घ्या. जळगावातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत त्यांची यादी वहीत उतरवा. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा सेवक बसतो. दाखल होण्यापूर्वी प्रथम त्यास भेटावयाचे, हे आजीआजोबांस पढवून ठेवा. आणि हेच काम शेजारच्या, ज्या घरी वाचता येणारे कोणी नाही, अशा एका घरासाठीही करा.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. गेल्या वर्षी तो भेटला तेव्हा हसून म्हणाला, "सर, जमीन सोडविली." मी त्याचे अभिनंदन केले, पण सुटलेली शाळा कोणी सोडवून देत नाही, हे आम्हां दोघांसही ठाऊक होते. तुमच्यापैकी कोणाचे बाक ह्या कारणाने रिकामे पडू नये, एवढीच इच्छा.