भाच्याची मिनी आणि त्याचा गुडघा



गेल्या खेपेला आम्ही उन्हाळ्यात पाणी किती प्यावं ते लिहिलं होतं. या खेपेला विषय मोटारीचा. नर्सबाईला मोटारीतलं काय कळतं, असं आमच्या घरीच विचारून झालंय. पण हा प्रश्न मोटारीचा कमी नि गुडघ्याचा जास्त, म्हणून आमच्याकडे आला.

मुरुडला आमच्या घराला लागून एक कोकणी मुसलमान कुटुंब राहायचं. त्यांची थोरली नि आम्ही शाळेत एका बाकावर. पुढे आम्ही इकडे आलो, ती लग्न होऊन कुवेतला गेली. तिचा मुलगा आम्हांला मावशी म्हणतो. आता तो पन्नाशी उलटलेला, सहा फुटी, सालमियात राहतो. कुवेत आणि इस्राएलचे संबंध नाहीत, म्हणून त्याचे निरोप आधी मुरुडला आईकडे जातात नि तिथून आमच्याकडे येतात. एका गुडघ्याला तीन देशांचा फेरा!

गाडी त्याच्या वडिलांची. भावोजींनी १९७८ साली जुनीच घेतलेली मिनी. मुलांनो, हल्ली रस्त्यावर दिसते ती मोठी मिनी नव्हे. ही जेमतेम तीन मीटर लांब, दोन दारांची, दहा इंची चाकांची. अलेक इसिगोनिस नावाच्या माणसाने ती काढली आणि १९५९ साली ती बाजारात आली. १९५६ ला सुएझ कालवा बंद झाला, आखातातलं तेल विलायतेला पोचेना, पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हां तिथल्या कंपनीने कमी पेट्रोल पिणारी गाडी काढायचं ठरवलं. आणि भावोजी ती चालवत होते कुठे, तर तेलाच्या विहिरींच्या देशात! इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे पुढचं नाक आखूड नि बाकीची जागा माणसांना. भावोजीही उंचच होते, पण पाय अडतात असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

मग बिघडलं कुठे? २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. लाखाच्या वर हिंदी माणसं मिळेल त्या वाटेने निघाली, बहुतेक बगदादवरून अम्मानला, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला. आमची मैत्रीणही त्यांतच, मुलं नि एक पिशवी घेऊन. पुढच्या जानेवारीत आम्ही इकडे खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडाला मास्क बांधून बसलो होतो, तेव्हां ती मुरुडला रेडिओपाशी बसून आमची काळजी करत होती. असो. फेब्रुवारी १९९१ ला कुवेत मोकळं झालं. भावोजी परतले तर मिनी जागेवर, पण चाकं नि पुढच्या सीटा गायब. शुवेखच्या एका गॅरेजवाल्याने दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या गुबगुबीत सीटा बसवून दिल्या. त्यावरच भावोजींनी शेवटपर्यंत गाडी हाकली, स्टिअरिंगला गुडघे घासत.

गेल्या वर्षी भाच्याचा उजवा गुडघा बदलला. चार महिन्यांनी डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं, तर हा मिनीत शिरेना. म्हणाला, एक तर तळाच्या पत्र्याला भोकं पाडून सीट मागे सरकवतो, नाही तर गाडी विकतो. मैत्रिणीचा निरोप आला, "त्याला सांग, विकू नकोस. पण पायपण मोडून घेऊ नकोस."

आम्ही त्याला आधी टेप घ्यायला लावली. जुन्या फोटोतली सीट आणि आताची सीट मापली, तेव्हां समजलं. मूळ सीटची पाठ पातळ. ही तिच्याहून तीन इंच जाड, बैठकही दोन इंच उंच. म्हणजे जागा गाडीने नाही, सीटने खाल्ली होती! कुशनवाल्याकडून बैठकीतला फोम कमी करवला, गुडघा स्टिअरिंगखालून सुटला. मग मागे सरकवण्याचं. मिनीच्या पुढच्या सीटचे पाय तळावरच्या आडव्या पोलादी पट्टीला बिजागरीसारखे अडकवलेले असतात. तिथे जोडायला भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्या तयार मिळतात, त्यांनी सीट दोनेक इंच मागे जाते. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर धडकेत सीट माणसासकट उपटून येते. अपघाताच्या वॉर्डात आम्ही वर्षं काढली आहेत, त्यामुळे या एका गोष्टीवर आम्ही त्याच्याशी भांडलो.

मागे किती न्यायची? क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय ताठ झाला की फार मागे गेलात. पाठ टेकलेली नि हात स्टिअरिंगवर आरामात हवे, हेही बघायचं.

आणि हे आमच्या वयाच्या सगळ्यांसाठी, मिनी असो की मुलाची मोठी गाडी. आधी गाडीकडे पाठ करा, ढुंगण सीटवर टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर वळायला सोपं जातं. वळून झालं की पिशवी काढून टाका, नाही तर ब्रेक लागला की पुढे घसराल. एक पाय आत, एक बाहेर असं वाकडं होऊन शिरू नये. नवा गुडघा त्यासाठी बसवलेला नाही.

आता मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा उरलेली नाही. नातू आडवा बसतो नि रोज तक्रार करतो. त्याला आमच्याकडे उपाय नाही.

डिसेंबरात मैत्रीण कुवेतला जाऊन आली. भाच्याने विचारलं होतं, अम्मीची सीटही तशीच मागे घेऊ का, फोमही काढू का? आम्ही म्हटलं, तिला हात लावू नकोस. तिची उंची चार फूट दहा इंच. त्या उंच गादीवर तिचे पाय खाली टेकतच नाहीत, म्हणून भावोजी तिच्या पायाखाली पाट ठेवायचे. पाट कधीच हरवला होता. तिने मुरुडहून दुसरा नेला.